जुने क्विल्ट-नमुने वाचायला शिकताना: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी पायऱ्या

जुन्या अमेरिकन क्विल्टांचे, म्हणजे अस्तर आणि मधला थर घालून शिवलेल्या गोधडीसारख्या पांघरुणांचे, नमुने पाहू लागणाऱ्या माणसाची पहिली अडचण म्हणजे नावांचा ढीग. बार्बरा ब्रॅकमन यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोशात नुसत्या तुकडे जोडून केलेल्या नमुन्यांचीच संख्या चार हजारांच्या पुढे जाते, आणि त्यांतील अनेक नमुन्यांना तीन-चार नावे आहेत. नवखा वाचक ही नावे पाठ करण्याच्या मागे लागतो आणि थोड्याच दिवसांत गोंधळून जातो. हा अभ्यास मीही केला आहे, आणि माझे ठाम मत असे बनले आहे की नाव सर्वांत शेवटी शोधावे. आधी नमुन्याची रचना ओळखावी, मग त्यातील तुकडे पाहावेत, मग छटा, आणि नावाची चौकशी त्यानंतर करावी. या क्रमाने गेल्यास चार हजार नमुन्यांच्या मुळाशी असलेल्या मोजक्या चौकटी दिसू लागतात, आणि त्या मोजक्या चौकटींतून इतके वैविध्य कसे उभे राहिले हेही उमगते. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत. त्यांचा आवाका साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा आहे.

लागणारे साहित्य

- चौकटींचा आलेख कागद आणि ट्रेसिंग पेपर
- पारदर्शक पट्टी, काटकोन आणि कंपास
- रंगीत पेन्सिली. निदान एक फिकट, एक मध्यम आणि एक गडद
- कापडाचा धागा आणि छपाई पाहण्यासाठी भिंग
- काटकोनात उभे करता येतील असे दोन छोटे चौकोनी आरसे
- साचे कापण्यासाठी जाड पुठ्ठा
- शेवटच्या पायरीसाठी दोन रंगांचे सुती कापड, सुई-दोरा किंवा शिवणयंत्र
- नोंदवही

१. क्विल्ट कोणत्या जातीचे आहे ते ठरवा

क्विल्टचे छायाचित्र समोर आले की प्रथम त्याची मूळ रचना ओळखा. एकाच मापाचे चौरस पुन्हा पुन्हा येत असतील तर ते ब्लॉकांचे क्विल्ट. एकच आकार, उदाहरणार्थ षटकोन, सगळीकडे पसरला असेल तर ते एका आकाराचे क्विल्ट. मध्यभागी मोठे चित्र आणि त्याभोवती एकामागून एक चौकटी असतील तर मध्यचित्राची रचना. उभ्या लांब पट्ट्या असतील तर पट्ट्यांचे क्विल्ट. पाने-फुले कापून पायाच्या कापडावर शिवलेली असतील तर ते ॲप्लिक. बाल्टिमोर परिसरात १८४० आणि १८५० च्या दशकांत तयार झालेली अल्बम क्विल्टे ही ॲप्लिकची फार देखणी उदाहरणे आहेत. त्यांतील प्रत्येक ब्लॉक वेगळा असतो आणि पुष्कळदा त्यावर शाईने लिहिलेली सहीही असते.

रेशीम आणि मखमलीचे वेडेवाकडे तुकडे पायाच्या कापडावर बसवून वर भरतकाम केलेले क्विल्ट दिसले, तर ते बहुधा १८८० च्या दशकात भरात आलेल्या ‘क्रेझी क्विल्ट’च्या लाटेतले असते. त्यात पुढील पायरीतील जाळी शोधत बसू नका. ती तेथे नसते.

२. ब्लॉकची सीमा शोधा आणि जाळी मोजा

संपूर्ण अभ्यासाचा कणा ही पायरी आहे, म्हणून तिला भरपूर वेळ द्या.

बहुतेक ब्लॉक अदृश्य जाळीवर बेतलेले असतात. ब्लॉकची एक बाजू किती समान भागांत विभागली आहे ते मोजायचे असते. दोन किंवा चार भाग असतील तर तो चार-घरांच्या कुळातला, तीन किंवा सहा असतील तर नऊ-घरांच्या कुळातला. पाच भागांचे आणि सात भागांचे अशी आणखी दोन कुळे आहेत. ‘पिनव्हील’ हा २×२ जाळीवरचा, ‘शूफ्लाय’ ३×३ वरचा, ‘सिस्टर्स चॉइस’ ५×५ वरचा आणि ‘बेअर्स पॉ’ ७×७ वरचा नमुना आहे. ‘बेअर्स पॉ’मध्ये प्रत्येक पंजा तीन घरांचा असतो आणि दोन पंजांच्या मध्ये एका घराची पट्टी असते, तीन, एक आणि तीन मिळून सात. अशी बेरीज करण्याची सवय लागली की एरवी गुंतागुंतीचा वाटणारा ब्लॉक पटकन सुटतो.

जाळी मोजण्याचे महत्त्व आठ टोकांच्या ताऱ्यांवरून नीट कळते. पुढील तिन्ही तारे दुरून सारखेच दिसतात. ‘ओहायो स्टार’मध्ये मधला चौरस ब्लॉकच्या रुंदीच्या एक-तृतीयांश असतो, कारण जाळी ३×३ ची आहे. ‘सॉटूथ स्टार’मध्ये तोच चौरस रुंदीच्या निम्मा असतो, कारण जाळी ४×४ ची आहे. ‘लेमॉइन स्टार’मध्ये मधला चौरसच नसतो, पंचेचाळीस अंशांच्या आठ समभुज तुकड्यांची टोके एका बिंदूत मिळतात, आणि हा तारा चौकोनी जाळीवर बसतच नाही. तो वर्तुळाचे आठ समान भाग करून काढावा लागतो आणि शिवताना आतल्या कोनात चौरस बसवण्याचे कौशल्य मागतो. नाव ठाऊक नसतानाही, फक्त मध्यभाग पाहून, हे तीन तारे तुम्हाला वेगळे करता आले पाहिजेत.

येथे दोन सापळे आहेत. पहिला असा की ब्लॉक शेजारी-शेजारी आले की त्यांच्या जोडावर नवीनच आकृती तयार होते, आणि डोळा तिलाच ब्लॉक समजतो. अशा वेळी क्विल्टच्या कडेकडे जा. तेथे नमुना कोठे संपतो आणि कोणती सरळ शिवण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड धावते, हे पाहिल्यास खरी सीमा सापडते. दुसरा सापळा कोनावर उभ्या केलेल्या ब्लॉकांचा. असे ब्लॉक कडेला त्रिकोणांनी पूर्ण केलेले असतात. छायाचित्र पंचेचाळीस अंशांत फिरवून पाहिले की नेहमीची जाळी समोर येते.

३. प्रत्येक घरात काय बसवले आहे ते पाहा

जाळी कळली की तिच्या घरांतले घटक ओळखा. साधा चौरस, दोन आयत, दोन त्रिकोणांचा चौरस, चार त्रिकोणांचा चौरस, रुंदी उंचीच्या दुप्पट असलेला ‘फ्लाइंग गीज’ आणि पाव वर्तुळ एवढे घटक ओळखता आले तर बहुसंख्य जुने ब्लॉक वाचता येतात. ‘शूफ्लाय’च्या चार कोपऱ्यांत दोन त्रिकोणांचे चौरस असतात आणि बाकीची घरे साधी असतात. त्यातली कडेची चार घरे दोन-दोन आयतांत विभागा, की तोच ब्लॉक ‘चर्न डॅश’ होतो. जुन्या कारागिरांची सर्जनशीलता मला अशा लहान फेरफारांतच सर्वांत स्पष्ट दिसते.

पाव वर्तुळाचा घटक तर एकटाच एक प्रांत आहे. ‘ड्रंकर्ड्स पाथ’ हा नमुना बहुधा ४×४ अशा सोळा चौरसांचा असतो आणि प्रत्येक चौरसाच्या एका कोपऱ्यात पाव वर्तुळ असते. प्रत्येक चौरस चार दिशांना फिरवता येतो, म्हणजे रंग न बदलताही सोळा चौरसांच्या मांडण्या ४२९ कोटींहून अधिक होतात. त्यांतल्या काही थोड्यांनाच ‘फूल्स पझल’, ‘फॉलिंग टिंबर्स’ अशी नावे मिळाली आहेत. आलेख कागदावर सोळा सुटे चौरस कापून ते फिरवत बसा. पुस्तकाची पाने उलटण्यापेक्षा यातून कितीतरी अधिक कळते.

४. रंग बाजूला ठेवून छटा वाचा

नवख्यांचे सर्वाधिक दुर्लक्ष छटेकडे होते. नमुना रंगांमुळे घडतो असे वाटते, पण त्याला आकार देते ती फिकट आणि गडद यांची मांडणी. छायाचित्र मोबाइलवर कृष्णधवल करून पाहा. रंग गेल्यावर उरते ती नमुन्याची खरी आकृती.

याचा उत्तम धडा १८६० च्या दशकानंतर अतिशय लोकप्रिय झालेला ‘लॉग केबिन’ देतो. मध्ये एक छोटा चौरस, त्याभोवती क्रमाने लावलेल्या पट्ट्या, आणि कर्णाच्या एका बाजूला फिकट तर दुसऱ्या बाजूला गडद कापड. ब्लॉक इतकाच. हेच ब्लॉक गडद बाजू विशिष्ट रीतीने फिरवून मांडले की एकात एक असे समभुज चौकोन दिसतात, त्या मांडणीला ‘बार्न रेझिंग’ म्हणतात. सगळ्या ब्लॉकांचे कर्ण एकाच दिशेला ठेवून शेजारचे ब्लॉक आळीपाळीने उलटे फिरवले की तिरप्या समांतर रेषा उमटतात, ती ‘स्ट्रेट फरो’. चार-चार ब्लॉकांच्या गडद बाजू एकमेकींना भिडवल्या की फिकट-गडद चौकोन आळीपाळीने येतात, ती ‘लाइट अँड डार्क’. एकही शिवण न बदलता तीन वेगळी क्विल्टे मिळतात. ‘कोर्टहाउस स्टेप्स’ हे नाव मात्र या यादीत घालू नका. त्यात पट्ट्या गोल फिरत लागत नाहीत, समोरासमोरच्या बाजूंना जोडीने लागतात, त्यामुळे ब्लॉकची बांधणीच वेगळी असते.

दोन आरशांचा उपयोग याच पायरीवर होतो. एका ब्लॉकचे चित्र काढून त्याच्या दोन कडांवर आरसे काटकोनात उभे करा. चार ब्लॉकांची मांडणी लगेच दिसते. मात्र आरशात चित्र उलटते, त्यामुळे ‘पिनव्हील’सारख्या फिरत्या नमुन्यांसाठी ही युक्ती फसवी ठरते. तेथे चार प्रती काढून हाताने फिरवणेच योग्य.

‘टम्बलिंग ब्लॉक्स’ हा नमुनाही येथेच अभ्यासावा. साठ अंशांचे तीन समभुज तुकडे फिकट, मध्यम आणि गडद अशा ठरलेल्या क्रमाने लावले की घन ठोकळ्यांची रास दिसते. छटांचा क्रम एका ठिकाणी जरी चुकला तरी तो भास मोडतो.

५. आता नाव शोधा, पण त्यावर भिस्त ठेवू नका

जाळी, घटक आणि छटा नोंदवल्यावर नावाकडे वळा. ब्रॅकमन यांच्या कोशाची मांडणी रचनेनुसार आहे आणि प्रत्येक नमुन्याला क्रमांक दिलेला आहे, त्यामुळे पहिल्या तीन पायऱ्या केलेल्या माणसाला तो सहज वापरता येतो. नोंदवहीत नावाबरोबर हा क्रमांक लिहावा, कारण नावे बदलतात. ‘चर्न डॅश’लाच कोणी ‘होल इन द बार्न डोअर’ म्हणतात, कोणी ‘मंकी रेंच’. आणि ‘मंकी रेंच’ हेच नाव ‘स्नेल्स ट्रेल’ या अगदी निराळ्या, गोल फिरणाऱ्या नमुन्यालाही लावले जाते. ‘बेअर्स पॉ’ला ‘डक्स फूट इन द मड’ असेही म्हटले गेले आहे.

नावांची ही गर्दी छापील माध्यमांनी वाढवली, हे लक्षात घेतले की गोंधळाचे कारण समजते. १८३५ मध्ये ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाने षटकोनी तुकड्यांचा नमुना छापला होता, पण नावांसह नमुन्यांचा मोठा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. सेंट लुइसमधील ‘लेडीज आर्ट कंपनी’ टपालाने नमुने विकत असे. ‘कॅन्सस सिटी स्टार’ या वृत्तपत्राने १९२८ ते १९६१ या काळात एक हजाराहून अधिक नमुने छापले आणि त्यांतले अनेक वाचकांनी पाठवलेले होते. ‘शिकागो ट्रिब्यून’मध्ये १९३० च्या दशकात नॅन्सी कॅबट या टोपणनावाने स्तंभ येत असे. ‘माउंटन मिस्ट’ या नावाने विकल्या जाणाऱ्या, क्विल्टमध्ये भरायच्या कापसाच्या वेष्टणावरही नमुने छापलेले असत. प्रत्येक प्रकाशनाला काहीतरी नवे द्यायचे होते, त्यामुळे जुन्या ब्लॉकला नवे नाव देणे ही सर्रास रीत झाली. एखादा नमुना १९३२ च्या वृत्तपत्रात सापडला म्हणजे तो त्याच वर्षी जन्मला, असा निष्कर्ष म्हणूनच काढू नये.

तुलनेसाठी प्रत्यक्ष क्विल्टांची छायाचित्रे हवी असतात. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या आधाराने चालणारा ‘क्विल्ट इंडेक्स’ हा विनामूल्य डिजिटल संग्रह आणि नेब्रास्कातील लिंकन येथील ‘इंटरनॅशनल क्विल्ट म्युझियम’चा संग्रह, या दोन ठिकाणांपासून सुरुवात करा. दोन्हींमध्ये नमुना आणि काळ यांवरून शोध घेता येतो.

६. काळ ठरवताना कापडाला विचारा

नमुना कित्येक पिढ्या टिकतो, म्हणून काळाचा अंदाज कापडावरून करावा. मूलभूत नियम असा की क्विल्टमधले सर्वांत नवे कापड ज्या काळातले असेल, त्याआधी ते क्विल्ट पूर्ण झालेले असू शकत नाही. भिंगातून प्रत्येक तुकडा पाहा. तपकिरी आणि काळ्या छपाईचा भागच तेवढा झिजून गळालेला असेल, तर ते बहुधा लोहयुक्त रंगद्रव्याचे काम आहे, आणि एकोणिसाव्या शतकातील कापडांत असे पुष्कळ दिसते. ‘टर्की रेड’ हा लाल रंग वर्षानुवर्षे धुऊनही टिकतो, तर शतकाच्या अखेरीस आलेले स्वस्त कृत्रिम लाल रंग फिके पडून तपकिरी-गुलाबी होतात. मऊ पिस्ता हिरवा, फिकट जांभळा, पिवळा आणि बारीक फुलांची छपाई एकत्र दिसली तर १९३० च्या आसपासचा काळ संभवतो. ‘डबल वेडिंग रिंग’, ‘ड्रेस्डेन प्लेट’ आणि षटकोनांची ‘ग्रँडमदर्स फ्लॉवर गार्डन’ यांची लाटही त्याच सुमाराची आहे. त्या काळी धान्य आणि पशुखाद्य छापील सुती पिशव्यांतून येई आणि पिशवी उसवून ते कापड क्विल्टमध्ये वापरले जाई. एका रांगेतली जाड छिद्रे दिसली तर तो तुकडा अशा पिशवीचा असण्याची शक्यता तपासा. १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने ‘सिअर्स’ कंपनीने घेतलेल्या स्पर्धेत सुमारे २४,००० क्विल्टे आली होती, यावरून त्या दशकातील उत्साहाची कल्पना येईल.

वरचा जोडलेला भाग आणि त्यावरचे धावदोऱ्याचे काम वेगवेगळ्या पिढ्यांचे असू शकते. आजीने जोडलेला भाग नातीने कित्येक वर्षांनी अस्तर लावून पूर्ण करणे हे तेथे नवीन नव्हते. म्हणून अस्तर, आतला थर आणि कडेची पट्टी यांचीही स्वतंत्र नोंद करा. आतल्या कापसात सरकीचे कण दिसले म्हणजे क्विल्ट फार जुने, हा समज चुकीचा आहे. तसा कापूस पुढेही बराच काळ वापरात होता. हाती खरे जुने क्विल्ट असेल तर ते धुऊ नका आणि टाचण्यांनी टांगू नका. ओले झाल्यावर जीर्ण धागे आपल्याच भाराने तुटतात.

७. मोहक कथा पारखून घ्या

गुलामगिरीतून पळणाऱ्यांना वाट दाखवण्यासाठी क्विल्टांच्या नमुन्यांत गुप्त खुणा होत्या, ही कथा तुम्हाला लवकरच भेटेल. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकामुळे ती सर्वदूर पसरली. पण इतिहासकारांना तिला समकालीन आधार सापडलेला नाही. ‘केवळ ईश्वर परिपूर्ण असतो, म्हणून कारागीर मुद्दाम एक चूक ठेवत’ ही कथाही तशीच निराधार आहे. खरा इतिहास जाणून घ्यायचा असेल तर जॉर्जियातील हॅरिएट पॉवर्स यांची क्विल्टे पाहा. गुलामगिरीत जन्मलेल्या या स्त्रीने ॲप्लिकमध्ये बायबलमधील प्रसंग आणि आकाशातील घटना चितारल्या. त्यांची दोन क्विल्टे आज ज्ञात आहेत. एक स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आणि दुसरे बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे. त्यांच्यासमोर बनावट कथांची गरजच उरत नाही.

जाळीचा नियम मोडणारी क्विल्टे पाहण्याचीही हीच वेळ आहे, कारण नियम कळल्याशिवाय तो मोडण्यातले धाडस दिसत नाही. अलाबामातील जीज बेंड येथील कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून ‘हाउसटॉप’ नमुना केला. मध्यभागाभोवती पट्ट्या लावण्याची कल्पना ‘लॉग केबिन’च्या जवळची आहे, पण पट्ट्यांच्या रुंदी असमान, कडा किंचित तिरक्या आणि रंगांचे तोल अनपेक्षित आहेत. पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टरच्या आमिश, म्हणजे साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, स्त्रियांची लोकरीची क्विल्टे याच्या दुसऱ्या टोकाला आहेत: एकरंगी कापड, मध्ये एकच मोठा चौकोन आणि त्यावर अतिशय बारीक धावदोऱ्याची नक्षी. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १९७१ मध्ये क्विल्टे चित्रांसारखी भिंतीवर मांडली, तेव्हा अनेकांनी त्यांतील अमूर्त रचनेकडे प्रथमच लक्ष दिले.

८. एक नमुना स्वतः उतरवून शिवा

कागदावर समजलेला नमुना शिवल्यावरच पक्का होतो. सुरुवातीला ९ इंचांचा ‘ओहायो स्टार’ घ्यावा. ब्लॉकचे माप नेहमी जाळीला भाग जाईल असे निवडा: तीन घरांसाठी ९ किंवा १२ इंच, पाच घरांसाठी १० इंच, सात घरांसाठी १४ इंच. सात घरांचा ब्लॉक १२ इंचांत बसवण्याचा हट्ट धरल्यास प्रत्येक तुकड्याचे माप विचित्र अपूर्णांकात येते.

येथे प्रत्येक घर ३ इंचांचे आहे. शिवणीसाठी चहूबाजूंनी पाव इंच सोडायचे, म्हणून साधे चौरस साडेतीन इंचांचे कापा. चार कोपऱ्यांसाठी फिकट आणि मध्यासाठी एक गडद. कडेच्या चार घरांना चार-चार त्रिकोण लागतात. त्यासाठी तयार मापात सव्वा इंच मिळवा, म्हणजे सव्वाचार इंचांचे दोन फिकट आणि दोन गडद चौरस घेऊन प्रत्येक चौरस दोन्ही कर्णांवर कापा. आठ फिकट आणि आठ गडद त्रिकोण मिळतील. दोन्ही कर्णांवर कापण्याचे कारण असे की त्रिकोणाची लांब बाजू घराच्या कडेला येते. ती सरळ धाग्यावर राहिली तर ब्लॉकची कड ताणत नाही. साध्या दोन त्रिकोणांच्या चौरसासाठी मात्र तयार मापात सात-अष्टमांश इंच मिळवून एकाच कर्णावर कापतात. हे दोन हिशेब एकमेकांत मिसळणे ही या टप्प्यावरची नेहमीची चूक आहे.

उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकी कापलेली, बाजू शिवताना कापड ओढू नका आणि इस्त्री सरकवू नका, वरून दाबा. प्रत्येक घर शिवून झाल्यावर साडेतीन इंच भरते का ते मोजा. कमी भरत असेल तर शिवण पाव इंचापेक्षा जाड पडते आहे. तिन्ही ओळी जोडल्यावर ब्लॉक साडेनऊ इंचांचा झाला पाहिजे.

९. नोंद आणि हक्क

अमेरिकेत प्रकाशनाला ९५ वर्षे पूर्ण झालेले साहित्य त्या वर्षाच्या अखेरीनंतर सर्वांसाठी खुले होते, त्यामुळे त्याहून जुन्या मासिकांतील आणि सूचीपत्रांतील नमुने निर्धास्तपणे वापरता येतात. त्यानंतरच्या साहित्याच्या बाबतीत प्रकाशनाचे वर्ष आणि हक्कांचे नूतनीकरण तपासा. चौरस-त्रिकोणांची साधी ब्लॉक-रचना आणि कोणीतरी लिहिलेल्या सूचना किंवा काढलेली चित्रे या वेगळ्या गोष्टी आहेत. जुना ब्लॉक स्वतः मोजून, स्वतःच्या आकृतीसह आणि शब्दांत मांडावा.

प्रत्येक नमुन्यासाठी नोंदवहीत एक पान ठेवा आणि त्यावर जाळी, घटक, छटांची आकृती, कोशातील क्रमांक, सापडलेली सर्व नावे, आणि नमुना कोठे व कोणत्या वर्षीच्या प्रकाशनात पाहिला ते लिहा. शिवलेल्या क्विल्टच्या मागे सुती कापडाची चिठ्ठी शिवून त्यावर न पुसणाऱ्या शाईने स्वतःचे नाव, गाव, वर्ष आणि नमुन्याचे नाव लिहा. जुन्या क्विल्टांच्या कर्त्या स्त्रियांपैकी बहुतेकींची नावे आपल्यापर्यंत पोहोचली नाहीत, कारण अशी चिठ्ठी त्यांच्यावर नव्हती.